फिरती पाटी

जपानातल्या कुरोसे बंदराच्या वरच्या गल्लीत दहा घरं होती, आणि सातव्या घरात राहणाऱ्या लिएनला एकच गोष्ट खुपायची. फिरती पाटी तिच्याकडे येत नसे.

पाटी म्हणजे वर चिमटा लावलेला साधा पुठ्ठा. कचऱ्याचे वार, देवळाच्या झाडलोटीची पाळी, भूकंपाची कवायत, असले कागद त्याला लावलेले. वाचायचं, आपल्या चौकटीत आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचं. नेऊन देताना दारात दोन शब्द बोलायचे. खरं तर त्या दोन शब्दांसाठीच तिला पाटी हवी होती.

व्हिएतनाममधल्या नाम दिन्हहून येऊन तिला आठ वर्षं झाली होती. मासळी सुकवायच्या कारखान्यात ती पहाटेपासून बांगडे चिरायची. जपानीची सगळ्यात अवघड परीक्षा तिने पहिल्या फटक्यात मारली होती. तरी दुकानात गेलं की बाई तिच्याशी हातवारे करत, हळूहळू आणि मोठ्याने बोलायची आणि शेवटी म्हणायची, "किती छान जपानी बोलता हो तुम्ही!"

हे कौतुक ऐकलं की लिएनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. स्वतःच्या शेजारणीला कधी कुणी म्हणतं का, तुम्ही आमची भाषा छान बोलता म्हणून? ज्या दिवशी हे कौतुक बंद होईल त्या दिवशी मी इथली, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

गल्लीचे प्रमुख ओकिमोतो बोटीवरचे निवृत्त मिस्त्री. त्यांच्याकडे तिने पाटी मागून पाहिली होती. ते दोनदा कमरेत वाकले. "तुम्हाला उगाच त्रास कशाला? फार कठीण अक्षरं असतात हो त्यात." म्हणजे नाही.

आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी दाराच्या मुठीला पाटी टांगलेली दिसली. पांढऱ्या कापडी पिशवीत, पिशवीच्या तोंडाला दोन गाठी. आधीच्या सहा चौकटींत सहा शिक्के होते.

लिएनने तीन वर्षांपूर्वी करवून घेतलेला शिक्का कपाटातून काढला. त्याचा पहिला ठसा सातव्या चौकटीत उमटला तो अगदी सरळ. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत बसली. मग केस नीट करून ती आठव्या घरी गेली.

दारावर 'योशिओका' असं नाव होतं. अंगणात पर्सिमनचं झाड, दाराला दुधी काच. या गल्लीत राहायला आल्यापासूनच्या दोन वर्षांत तिने या घरातलं कुणी पाहिलं नव्हतं, पण ती पहाटे जायची आणि दमून यायची; तिने गल्लीतलं पाहिलं होतं कुणाला? घोकून आणलेलं वाक्य तिने दारापुढे म्हटलं.

"ठेव तिथे उंबऱ्यावर," आतून म्हातारा आवाज आला. "हात ओले आहेत माझे."

आत पाण्याची धार वाजत होती. खारवलेल्या मुळ्यांचा वास येत होता.

"आणि पाठ केलेलं बोलू नकोस गं. बातम्या सांगतेस की काय?"

लिएन चकित झाली आणि मग तिला हसू फुटलं. आठ वर्षांत तिच्या चुकीबद्दल कुणी तिला टोकलं नव्हतं.

त्यानंतर दर दहा-बारा दिवसांनी पाटी यायची आणि तिची शिकवणी व्हायची. दार कधी उघडलं नाही. हात नेहमीच ओले. पण काचेआडून तोमिएबाई, आपलं नाव त्यांनी तिसऱ्या खेपेला सांगितलं, तिच्या बोलण्याची साल काढायच्या. "वाक्य कशाला पुरं करतेस? अर्धं समोरच्याला ठेवावं." "मी बोलतेय तर मध्येमध्ये हूं म्हण की, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं मला." "नाही म्हणायचं तर आधी श्वास आत ओढ. तेवढ्याने कळतं माणसाला." आणि एकदा, "तुझ्याकडे मासळीचं ते खारं पाणी शिजतं, त्याचा वास येतो. बरा असतो गं."

लिएन जमिनीत पाणी मुरावं तसं सगळं मुरवत गेली. थंडी संपता संपता कारखान्यातल्या बायका तिच्या विनोदांवर पोट धरून हसायला लागल्या. दुकानातली बाई एकदा नुसतंच म्हणाली, "आज वारा काय सुटलाय ना!" तिने कौतुक केलं नाही. लिएन घरी आली ती जवळजवळ नाचतच.

दर रविवारी तिचा आईला फोन असे. "तुझा घसा बसलाय का गं?" आई विचारू लागली. "म्हाताऱ्या बाईसारखा आवाज येतोय." लिएन म्हणाली, वाऱ्याचा परिणाम.

मार्चमध्ये गल्लीच्या बैठकीचं तिला पहिल्यांदाच बोलावणं आलं. सुकवलेले बांगडे घेऊन ती गेली. चहा झाल्यावर ओकिमोतो घसा खाकरून म्हणाले, "एप्रिलपासून फिरती पाटी लिएनबाईंकडेही द्यावी, असं माझ्या मनात आहे. आपलं काय म्हणणं?"

"अहो, थट्टा करता का माझी?" लिएन हसली. "ऑक्टोबरपासून शिक्के मारतेय की मी. सातव्या चौकटीत. हिरोसेबाई आणून टांगतात, मी तोमिएबाईंकडे नेऊन..."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती काय म्हणाली यापेक्षा कशी म्हणाली, हेच ते ऐकत असावेत.

सहाव्या घरच्या हिरोसेबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी पाटी नवव्या घराच्या मुठीला लावते. तुमच्याकडे कधीच... आणि आठवं घर तर सहा वर्षं बंद आहे."

"मला तर दोन गाठींच्या पिशवीत मिळायची," नवव्या घरची नोबुको म्हणाली.

"मी कधी गाठ मारत नाही," हिरोसेबाई म्हणाल्या. "दोन गाठी तोमिए मारायची."

ओकिमोतोंनी कपाटातून जुने कागद काढले, चष्मा लावला. "मी आपला पाटी परत आली का एवढं बघतो. शिक्के कोण मोजतो!" त्यांचं बोट सातव्या चौकटीवर थांबलं. तिथे लिएनचा ठसा होता. मग ते बोट पुढे सरकलं.

आठव्या चौकटीत 'योशिओका' होतं. प्रत्येक कागदावर.

"तो शिक्का लाकडी होता," हिरोसेबाई म्हणाल्या. "शवपेटीत तिच्या मुठीत मीच ठेवला होता. पेटीबरोबरच जळाला."

ओकिमोतोंनी चष्मा काढून कागदांवर ठेवला.

"कुणाकडे शिकलीस गं हे बोलणं?" ओकिमोतोंनी विचारलं.

'शिकलीस'. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी समोरासमोर तिला अगंतुगं केलं होतं. त्या एका शब्दाने लिएनचा ऊर भरून आला. सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मग तिने श्वास आत ओढला.

"ते काय... शेजारीच..." एवढंच म्हणून तिने मान खाली घातली. अर्धं त्यांच्याकडे ठेवलं.

एकेक मान हलली. हिरोसेबाईंनी डोळे पुसले आणि न विचारता तिच्या कपात चहा ओतला. ठराव मंजूर झाला होता.

घरी जाताना भर उन्हात ती आठव्या घरापाशी थांबली. कुलपाला गंज चढला होता. वाटेवर गुडघाभर गवत. भीती वाटलीच, नाही असं नाही. पण अभिमान भीतीहून वरचढ होता. कुणीही शिकवलं असो, शिकले मी. आता ते माझं आहे. ती वाकून नमस्कार करून निघाली, तेव्हा तिला दिसलं की उंबऱ्याचा दगड ओला होता.

एप्रिलात हिरोसेबाई स्वतः पाटी घेऊन आल्या, दारात दहा मिनिटं बोलत उभ्या राहिल्या. लिएनने शिक्का मारला, पाटी नवव्या घरी दिली. नोबुकोने तिला मुळ्याचं लोणचं दिलं. कुणीही कौतुक केलं नाही.

हे आईला कधी सांगते असं तिला झालं होतं. रविवारी फोन लागताच ती भडाभडा बोलत सुटली. पाटी, शिक्का, चहा, सगळं, अगदी नाम दिन्हच्या घरगुती बोलीत. पलीकडे आई शांतपणे ऐकत होती.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय हो," आई म्हणाली. हळूहळू, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "माझी लेक तिकडेच असते. तुम्ही तिच्या शेजारीण का?"

लिएनने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"किती छान बोलता हो तुम्ही आमची भाषा!"