उजव्या बरगडीखाली

धामापूरच्या तळ्यापासून थोडं आत दत्तप्रसादची काजूची बाग होती. त्या वर्षी पीक चांगलं आलं, पण खळ्यात बिया वाळत घालायला तो एकटाच. थोरला भाऊ मंगेश पडवीत पडून असे. हिपॅटायटिस बीनं त्याचं यकृत कधीच दगडासारखं करून टाकलं होतं. पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं, डोळे हळदीसारखे.

शहरातल्या डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला होता. धाकट्यानं यकृताचा उजवा भाग द्यायचा. काही महिन्यांत दोघांचंही वाढून पूर्ण होतं. तपासण्या जुळल्या. मग दत्तप्रसाद एकटाच डॉक्टरांच्या खोलीत गेला.

"मला नाही जमणार. भीती वाटते."

डॉक्टर त्याला एका शब्दानंही बोलले नाहीत. बाहेर येऊन घरच्यांना एवढंच म्हणाले, "ह्यांचं यकृत चालणार नाही."

परतीच्या गाडीत कावेरीवहिनी उलट त्यालाच समजावत होती. "मनाक लावून घेव नकात, भावजी. तुमचो काय दोष त्यात?"

त्यानं काच खाली केली आणि तोंड बाहेर वळवलं.

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी मंगेशनं पेज मागितली. दुसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं. बघता बघता पोट उतरलं, डोळे निवळले. वहिनी भगवतीची ओटी भरून आली. दत्तप्रसादला आनंद झाला, खरंच झाला. देवीनं आपलं पाप झाकलं असं वाटलं. फक्त त्या दुपारी बियांचं पोतं उचलताना त्याच्या उजव्या बरगडीखाली काहीतरी पोकळ हललं, आणि तो खळ्यातच बसला.

थकवा जाईना. कुणाला न सांगता तो मालवणात सोनोग्राफीला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ऑपरेशन कधी झालं?"

"कसलं?"

त्यांनी त्याचं पोट नीट पाहिलं. कातडी कोरी होती. पुन्हा पडद्याकडे वळून त्या म्हणाल्या, "उजवा भाग काढलेला आहे. अगदी सफाईनं. कुणाला दिलात?"

'भावाला' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. पण तो म्हणायचा हक्क त्याला नव्हता.

घरी सांगणार तरी काय? यकृत गेलं म्हणायचं, तर ते चालणारं होतं हेही सांगावं लागणार. त्यानं बरेच दिवस मूग गिळून काढले. शेवटी एका संध्याकाळी पडवीत त्याला राहवलं नाही.

"दादा, थंय हॉस्पिटलात मी डॉक्टरांका..."

"दिलंस तां दिलंस," मंगेश पानाला चुना लावत शांतपणे म्हणाला. "आता कित्या बोलतस?"

पाऊस सरता सरता अंगात ताकद आली. मालवणच्या बाई या वेळी हसल्या. "छान. पूर्ण भरलंय."

तो हलक्या मनानं घरी आला. मंगेश पडवीत भिंतीला टेकून बसला होता. बऱ्या माणसाला हिपॅटायटिसच्या गोळ्या कशाला, म्हणून त्यानं त्या केव्हाच सोडल्या होत्या. जवळ गेल्यावर दिसलं, डोळ्यांच्या कडा पुन्हा पिवळ्या झाल्या होत्या.

"हंय बस."

दत्तप्रसाद बसला. उठून जावंसं वाटलं; पण कोणत्या तोंडानं उठणार?

मंगेशनं तळहात त्याच्या बरगडीखाली ठेवला. फणस पिकलाय का बघतात, तसं हलकेच दाबलं.

"भरला मां परत?"

दत्तप्रसादनं मान खाली घातली. या खेपेला त्याच्या तोंडून 'नाही' निघालं नाही.

हात तसाच ठेवून मंगेशनं आत हाक दिली, "कावेरी, दत्ताक आधी वाढ गो. पोटभर जेवांदे."