आजींना फोन देता का?

नववीच्या पोरांनी आठवडाभर कुठेतरी जाऊन काम शिकायचं, अशी शाळेची योजना होती. कोणी दवाखाना घेतला, कोणी बँक, कोणी काकाचं दुकान. या पोरीने वर्तमानपत्र घेतलं, कारण तिथे माणसं सारखी बोलत असतात असा तिचा समज. तिच्या घरी बोलायला कोणी नव्हतं. घरात दोघीच, ती आणि आई, आणि आई नर्स. बदली होऊन इथे आल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आई रात्री यायची, उभ्या उभ्या दोन घास खायची आणि अंग टाकलं की झोपायची. शाळेत पोरीला कोणी छळत नव्हतं म्हणा, पण छळायलासुद्धा कोणीतरी जवळ यावं लागतं.

कचेरीत पाय ठेवला आणि तिचा समज गळून पडला. लांबच लांब खोली, टेबलं ढीगभर आणि माणसं मोजकी. मधल्या काळात बऱ्याच जणांना घरी पाठवलं होतं, त्यांच्या खुर्च्यांवर त्यांचे टॉवेल अजून वाळत होते. उरलेली माणसं मान खाली घालून टाइप करत होती. वृत्तसंपादकांनी तिला चष्म्यावरून पाहिलं, नाव विचारलं, किती दिवस आहेस ते विचारलं. नाव त्यांच्या एका कानाने आत गेलं आणि दुसऱ्या कानाने बाहेर गेलं. 'आठवडा' हे उत्तर तेवढं राहिलं.

"ए आठवडा, दार ओढून घे."

झालं. तेव्हापासून ती आठवडा.

तिला काम दिलं निधनवार्तांचं. लोक कागद आणून देत, त्यावर गेलेल्याची माहिती आणि घरचा फोन नंबर असे. छापण्याआधी त्या घरी फोन करून खात्री करायची. पण कशी करायची, त्याची त्या कचेरीत एक रीत होती. पूर्वी कोणा दुष्टाने एका धडधाकट मास्तरांची निधनवार्ता आणून दिली आणि यांनी ती फोटोसकट छापली. सकाळी मास्तर स्वतः हजर, फोटो जुना का वापरला म्हणून भांडायला! दुधाने तोंड पोळलेले हे लोक तेव्हापासून ताकही फुंकून पीत.

"माणूस गेला का, असं विचारायचं नाही," वृत्तसंपादक म्हणाले. "माणसाला फोनवर बोलवायचं. घरचे म्हणाले 'ते गेले', की वाईट वाटलं म्हणायचं आणि ठेवायचा. माणूसच फोनवर आला, तर आपण वाचलो."

पोरीला ते भयंकर वाटलं. ज्यांच्या घरी माणूस गेलाय त्यांना विचारायचं, जरा बोलवता का? पण सांगितलेलं ऐकायचं वय. तिला कोपऱ्यातलं टेबल मिळालं होतं, भिंतीकडे तोंड केलेलं. फोन काळा, जड, मागच्या कोणाच्या तरी हाताने गुळगुळीत झालेला. पहिल्या दोन घरांत बायका रडल्या. तिसरा कागद एका म्हातारीचा होता, तिच्या मुलाने आणून दिलेला. पोरीने नंबर फिरवला. बराच वेळ वाजला.

"आजींना फोन देता का?"

पलीकडून म्हातारा, मऊ आवाज आला.

"मीच बोलतेय गं."

पोरगी दचकली, आणि लगेच तिला आनंदही झाला. तिने धावत जाऊन सांगितलं. वृत्तसंपादकांनी कागदावर लाल काट मारली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे चष्म्यातून नीट पाहिलं. "शाब्बास! घराच्या वाटणीवरून पोरं जिवंत आईबापांना मारून टाकतात बघ. रोज एक फोन करत जा. म्हातारी बरी आहे ना, एवढं बघ. मुलगा आला तर मग त्याला बघतो मी."

म्हणजे रोज बोलायची परवानगीच मिळाली. दुसऱ्या दिवशी पोरीने फोन लावला तो खात्रीसाठी, पण ठेवला तेव्हा दुपार उलटून गेली होती. आजी फार छान ऐकायच्या. मध्ये उपदेश नाही, घाई नाही. पोरीने शाळेचं सांगितलं, डब्याच्या सुट्टीत ती ग्रंथालयात जाऊन नुसती बसते ते सांगितलं, जे आईलाही ठाऊक नव्हतं. बोलता बोलता तिला रडू आलं.

"रड गं रड," आजी म्हणाल्या. "मला कुठे जायचंय? आईशी नाही का बोलत?"

"आई दमलेली असते. आली की झोपते."

"हं... झोपू दे तिला. मी आहे ना."

पोरगी त्या दिवशी हवेत चालत घरी गेली. खोटं कशाला बोलू, सबंध वर्षात तिला कोणी 'मी आहे ना' म्हटलं नव्हतं.

बुधवारी तिने नुसता नंबर फिरवला, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच पलीकडून आवाज आला.

"काय गं आठवडा, जेवलीस का?"

हे नाव तिने आजींना सांगितलं होतं का? तिने आठवून पाहिलं. सांगितलं असेल. सांगितलंच असेल. माणसाला जे हवं असतं ते पटायला वेळ लागत नाही. पण त्या दिवशी तिच्या आणखीही काही गोष्टी लक्षात आल्या. आजींच्या घरात दुसरा कसलाच आवाज नसायचा. रस्ता नाही, नळ नाही, पंखा नाही. आजी बोलायच्या थांबल्या की त्यांच्या श्वासाचाही आवाज येत नसे. आणि रिसीव्हरला वास येऊ लागला होता, फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा. पोरीने तो रुमालाने पुसला. वास गेला नाही.

वृत्तसंपादकांना सांगावं असं तिच्या मनात आलं. ती उठलीसुद्धा. पण सांगितलं असतं तर त्यांनी फोन काढून घेतला असता, आणि पुन्हा ती भिंत आणि ती मुकी टेबलं. ती खाली बसली.

"आई किती वाजता येते गं?" आजींनी विचारलं.

पोरीने सांगितलं.

"आणि घर कुठे?"

तेही सांगितलं. मजला, दाराचा रंग, सगळं.

गुरुवारी दुपारी एक माणूस आत आला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, अंगावर खाकी शर्ट, डोळे सुजलेले. तो ओरडायला आला होता, पण आत येईपर्यंत त्याचं बळच सरलं असावं.

"आईची बातमी का नाही छापली?" तो म्हणाला. "तिच्या ओळखीची सगळी म्हातारी माणसं तुमचंच पान बघतात. कोणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवसाच्या विधीला मी आणि शेजारी, दोघेच होतो. आयुष्यभर लोकांच्या अडीअडचणीला धावली हो ती... आणि चार माणसंही आली नाहीत."

वृत्तसंपादक ताठ झाले. "तुमच्या आई जिवंत आहेत. आमची ही मुलगी रोज त्यांच्याशी बोलते."

माणसाने पोरीकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"रविवारी गेली. त्याच रात्री मी स्वतः कुलूप लावलंय घराला. आत कोणी नाही." मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "काय... काय बोलते ती?"

आपण या माणसाचं काय केलं ते तिला कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की आपण ते बुधवारीच ओळखलं होतं.

"लाव फोन," माणूस म्हणाला. "एकदा ऐकू दे मला तिला."

खोलीतलं टायपिंग थांबलं होतं. पोरीने नंबर फिरवला. या वेळी तो वाजलासुद्धा नाही, लगेच उचलला गेला. तिने न बोलता रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"आई?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "आई... मी आहे गं."

तो ऐकत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून ते लहान मूल निघून गेलं. त्याने रिसीव्हर कानापासून दूर धरला.

"हा माझ्या आईचा आवाज नाही."

"मग कोण आहे?" वृत्तसंपादकांनी विचारलं.

"माहीत नाही. ती... हिच्याबद्दल बोलतेय." त्याने पोरीकडे बोट केलं. "म्हणतेय, तिला सांगा, आई आज लवकर घरी आली. फार दमली होती. आता झोपलीय शांत. मी बसलेय उशाशी."

पोरीने त्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. "आजी! कुठे आहात तुम्ही? आजी, माझ्या आईला..."

आज पहिल्यांदाच पलीकडे आवाज होते. तिच्याच घराच्या वरच्या मजल्यावरच्या बाळाचं रडणं, तिथल्याच जिन्यातल्या लोखंडी दाराचा खणखणाट. आणि अगदी जवळ, रिसीव्हरला चिकटून असावा तसा, कोणाचा तरी झोपेतला श्वास. फार दमली की आईच्या नाकातून श्वासाबरोबर एक बारीक शीळ येते. कितीतरी रात्री पोरगी अंधारात ती ऐकत पडली होती.

ती शीळ आली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आली, पहिल्यापेक्षा बारीक.

"धाव पोरी, घरी जा!" वृत्तसंपादक ओरडले. बसवाला कधीच गाडी काढायला जिन्याकडे धावला होता. पण पोरीला रिसीव्हर खाली ठेववेना. दोन्ही हातांनी तो कानाशी दाबून, ती पुढची शीळ यायची वाट बघत उभी राहिली.