अठ्ठाविसावा कागद

बसा. कंदील जरा इकडे ओढा, मला हल्ली कमी दिसतं. आणि उंबऱ्यापाशी तो तांब्या पालथा आहे ना, त्याला पाय लावू नका. का, ते सांगतोच. पण मधेमधे ‘मग काय झालं’ विचारायचं नाही. विद्यार्थ्यांच्या घाईला मी विटलोय. उत्तर सगळ्यांना हवं असतं, कागद कोणालाच नको असतो.

तेरा वर्षं झाली. एकतीसचा मे महिना होता. माझा प्रबंध एक जूनच्या आत आग्र्याला विद्यापीठात पोचायचा होता. पोचला तर कॉलेजात इतिहासाची जागा, नाही तर जन्मभर शाळेत नकाशे टांगत बसायचं. विषय होता चंबळेच्या उतारावरची एक जुनी लढाई. ती आपण हरलो, आणि सूर्याजी नावाच्या शिलेदारामुळे हरलो, असं सगळे लिहितात. त्यानं शत्रूला नदी पायी ओलांडायचा उतार दाखवला म्हणे. त्याच लढाईत तो मेलाही. त्याचे वंशज इथं ग्वाल्हेरातच हजिऱ्याला राहतात आणि शंभर वर्षांनंतरही लोक त्यांना फितुऱ्यांचं घर म्हणतात, मुलगी द्यायला कचरतात.

या सगळ्याला पुरावा एकच. लढाईवरून आलेलं एक मोडी पत्र. फौजेच्या दफ्तरातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, एकशे सतरा, कागद अठ्ठावीस. मी पाच पुस्तकं पाहिली, पाचांच्याही तळटिपेत हाच आकडा. म्हटलं, एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं आणि मोकळं व्हावं. सकाळी जाऊन जेवायला घरी परत येणार होतो.

जुन्या फौजेचं ते दफ्तर तेव्हा किला गेटापाशी एका तबेल्याच्या माडीवर होतं. पहिल्या दिवशी दफ्तरदार जयसिंहराव म्हणाले, अर्ज आणा. दुसऱ्या दिवशी अर्ज नेला, तर तो मराठीत होता आणि त्यांना हिंदीत हवा होता. तिसऱ्या दिवशी अर्ज बरोबर होता, पण कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो भिंडला लग्नाला गेलेला. जयसिंहराव पान जमवत म्हणाले, “मास्तर, इतकी जल्दी कशाला? कागद कुठे भागून चाललाय?” मला इतका संताप आला, की घरी येऊन मी कोणाशी धड बोललो नाही.

चौथ्या दिवशी रुमाल आला. भर दुपार होती. बाहेर लूचा गरम वारा भणाणत होता, खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवरचं पाणी केव्हाच वाळलेलं. रुमालाची गाठ सोडली तसा वेखंडाचा आणि जुन्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास वर आला. गाठ इतकी घट्ट होती, की नख मोडलं. यादीत बेचाळीस कागद होते. मी दोनदा मोजले. एक्केचाळीस भरले.

अठ्ठाविसाव्याच्या जागी एक चिट्ठी होती. दफ्तराचा रिवाजच तसा. जिथून काही काढाल तिथं चिट्ठी ठेवायची, कोणी काढलं आणि कधी. या चिट्ठीवर मिती होती संवत एकोणीसशे बेचाळीसची, म्हणजे सेहेचाळीस वर्षांपूर्वीची. नाव नव्हतं. नावाच्या जागी कट्यार काढलेली होती. लिहिता न येणारे शिपाई पूर्वी सहीऐवजी अशी निशाणी करत.

“हा कागद नेला कोणी?” मी विचारलं.

“काय माहीत. वडिलांच्या वेळेपासून चिट्ठीच आहे.”

“मग पुस्तकं लिहिणाऱ्यांनी वाचलं काय?”

जयसिंहराव हसले. “रुमाल सोडायला कोणी येतच नाही, मास्तर. मेरे होश में तुम्हीच पहिले.”

हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. पाचांनी एकमेकांचं उतरवलं होतं. मी चिडून चिट्ठी खाली ठेवली आणि हाताकडे पाहिलं. अंगठ्याला काळं लागलं होतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची कट्यार, आणि शाई ओली होती... मी धोतराला हात पुसला. घामामुळे झालं असेल, अशी मनाची समजूत घातली.

त्या पाचांतले चार वारले होते. उरले होते सदाशिवराव. त्यांच्या पुस्तकात तळटिपेखाली स्वच्छ छापलं होतं, ‘प्रत्यक्ष पाहिला’. पुस्तक एकोणीसशे सहाचं, कागद गेला त्याच्या वीस वर्षं आधी. दुसऱ्या दिवशी मी तडक त्यांच्या दारात उभा राहिलो. उंबऱ्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला होता, मी तो ओलांडून आत गेलो. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता.

“कागद पाहिलाय का तुम्ही?” मी नमस्कारही केला नाही.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, “नाही.”

“मग पाहिला म्हणून छापलंत कसं?”

“पुस्तक छापखान्यात अडलं होतं. म्हटलं, इतक्यांनी लिहिलंय तर असेलच.” मग पुढे सरकले, आणि डोळ्यांत एकदम एक हावरेपणा आला. “तुम्ही काय लिहिणार आहात?”

“अजून ठरवलं नाही.”

“लिहा... पाहिला म्हणून लिहा. काय हरकत आहे? पण आज लिहा.”

तेव्हा बाहेर खोकल्याचा आवाज आला. कोणीतरी ओट्यावर बसलं असावं. सदाशिवरावांनी डोळे मिटून घेतले. मी निघालो तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं, पण तांब्या रिकामा होता.

आता माझी लाज सांगतो. मला सगळं कळलं होतं. ‘कागद जागेवर नाही, कोणीही पाहिलेला दिसत नाही’ एवढी एक ओळ लिहायची होती. पण ती लिहिली असती, तर परीक्षक म्हणाले असते, मग मुख्य पुराव्यावाचून प्रबंध उभा कसा? पुन्हा सहा महिने, पुन्हा जयसिंहरावांचा अर्ज. जागा दुसऱ्या कोणाला गेली असती. मी मनाशी म्हटलं, एकदा जागा मिळू दे, मग दुरुस्त करीन. आणि सुंदर अक्षरात लिहिलं: ‘रुमाल ११७, कागद २८. प्रत्यक्ष पाहिला.’ प्रबंध टपालात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं.

ओट्यावर एक उंच माणूस उभा होता. पागोटं धुळीनं माखलेलं, अंगरख्याला ओल्या वाळूचा वास. मे महिन्यात, सगळीकडे भाजत असताना, ओल्या वाळूचा. नदीच्या पात्रातल्यासारखा. तो मराठी बोलला, पण आपल्या ग्वाल्हेरची नव्हे. आपल्या घरांतून तीन पिढ्यांत कोणी तसं बोललेलं नाही.

“पंत, कागुद वाचलाय म्हनं तुमी?”

“कुठला कागद?”

“माज्यावरला. मला अक्षर येत न्हाई. सगळी म्हंत्यात, त्यात लिव्हलंय. काय लिव्हलंय, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, “मी... नाही वाचला.”

“तुमीच लिव्हलंय की, वाचला म्हनून.”

त्यानं पागोट्याच्या घडीतून एक कागद काढला. जुना, पिवळा, चार घड्यांचा. मी हात पुढे केला. म्हटलं, दे, आत्ता वाचतो. खरंच वाचला असता हो. त्या क्षणी जगात मला दुसरं काही नको होतं.

त्यानं कागद पुन्हा घडीत खोवला. “वाचल्याला कागुद कशाला?” एवढंच म्हणाला आणि ओट्यावर बसला. मागितलं नाही, पण मी तांब्याभर पाणी ठेवलं. तासाभरानं तो गेला, तेव्हा तांब्या रिकामा होता.

त्यानंतर रोज. तेरा वर्षं रोज दुपारी तोच प्रश्न. जागा मला मिळाली, प्रबंधाचं पुस्तकही छापून निघालं. वर्गात मी मुलांना ओरडून सांगायचो, मूळ कागद बघा, दुसऱ्याचं उष्टं खाऊ नका. मुलं माना डोलवायची आणि माझंच पुस्तक उतरवायची. अशी चीड यायची, काय सांगू. आणि दुरुस्ती? आज करीन, उद्या करीन. मोठी जागा आली, मान आला, मग तर तोंडच उरलं नाही. कधी वाटायचं, हजिऱ्याला जाऊन त्या घराच्या पाया पडावं. तेही झालं नाही.

सदाशिवरावांचं सांगायचं राहिलं. मी प्रबंध धाडला त्याच आठवड्यात त्यांच्याकडे पुन्हा गेलो होतो, भांडायला. उंबऱ्यावरचा तांब्या पालथा होता. त्यांची सून मंदाताई दारातच म्हणाली, “आबा भेटायचे नाहीत. परवापासून घरभर काहीतरी ढुंढत असतात. काय, ते सांगत नाहीत.” पुढे दोन वर्षं जगले, शोधत शोधतच गेले. मी म्हटलं, म्हातारपण.

आता परवाची गोष्ट. परवा दुपारी तो आला नाही. मी दाराकडे बघत बसलो होतो. दोन वाजले, तीन वाजले. तांब्या भरलेला तसाच. दिवेलागणीला शामला आली. माझी विद्यार्थिनी, छावनीत राहते, हुशार आहे. हिचाही प्रबंध त्याच लढाईवर.

“सर, सूर्याजीच्या पत्राची नक्कल तुमच्याकडे असेल ना? जरा चाहिए थी.”

“कशाला? तू अठ्ठावीस नंबर पाहिलास का?”

ती खाली बघू लागली. “दफ्तरात तीन चकरा मारल्या, सर. कधी किल्ली नाही, कधी माणूस नाही. शेवटी तुमच्या पुस्तकावरून घेतलं. तुम्ही पाहिलाय म्हटल्यावर...”

“आणि लिहिलंस काय?”

“प्रत्यक्ष पाहिला. काल टपालात टाकला.”

मी ओरडणार होतो, तो राग गिळला. मग विचारलं, “नक्कल आज कशाला हवी?”

“आमच्या ओट्यावर दुपारपासून एक आदमी बसलाय. गावंढळ बोलतो. वाचून दाखवा म्हणतो. आई पाणी देऊन देऊन थकली. मला म्हणाला, तुमी वाचलाय न्हवं? मी हो म्हटलं.”

मी तिला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. म्हटलं, पोरी, आत्ताच्या आत्ता आग्र्याला तार कर, आणि घरी जाऊन त्याला सांग, मी वाचला नाही, मी खोटं लिहिलं. अजून छापलेलं नाही. कदाचित तो कागद देईल तुला. तुझ्या हातून तरी वाचला जाईल.

ती उठली, पदर सावरला. मग म्हणाली, “सर, पदवी मिळू द्या एकदा. मग दुरुस्त करीन.”

मी तिला अडवायला हवं होतं. तार मी स्वतः करू शकलो असतो. नाही केली. ती गेली आणि मला, देवाशप्पथ सांगतो, हलकं वाटलं, आतली टोचणीच गेली. तेरा वर्षांत प्रथमच. मी उंबऱ्यापाशी गेलो, तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि तो पालथा घालायला वाकलो.

तांब्याच्या बुडाखाली एक चिट्ठी होती. तिच्यावर जुनी नव्हे, त्याच दिवसाची मिती. नाव नाही. कट्यार. मी अंगठा लावून पाहिला... शाई ओली होती.

जिथून काही काढाल तिथं चिट्ठी ठेवायची, हा दफ्तराचा रिवाज. दोन दिवस मी, सदाशिवरावांसारखाच, घर उलथंपालथं करतोय. पुस्तकं मोजली, भांडी मोजली, बायकोचा फोटो जागेवर आहे. माझ्या घरातून त्यानं काय नेलंय, ते मला अजून सापडलेलं नाही. कंदील जरा वर धरा, त्या कपाटामागचं बघायचं राहिलंय.