जर्मनचं घंगाळ

टीव्हीच्या पडद्यावर नवऱ्याचा, वामनरावांचा, सुरकुतलेला चेहरा दिसला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या जनकाबाईंनी चौकट घट्ट धरली... आता तो प्रश्न विचारतीलच!

खामगावातल्या त्या दोन खोल्यांत सगळे दाटीवाटीनं बसले होते. मुलगा भागवत, नात निशिगंधा, तिच्या मांडीवर तान्हं, आणि आपलीच मुलाखत बघत खुद्द वामनराव. पन्नास वर्षांपूर्वी कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये चार पोरांनी उभा केलेला तो 'मेघनाद' बँड, ज्यात गाणारं कुणीच नव्हतं, नुसती वामनरावांची विजेवरची गिटार बोलायची, "गानं कोठी हाये बे?" म्हणून ज्याला लोक हसले, त्याची एकुलती एक तबकडी कुणा शौकिनाला सापडली होती, आणि आज ती धून घराघरांत वाजत होती.

"आबा, तुमी त हिरो हाय," निशिगंधा म्हणाली.

"हिरो असतो त तुह्या आजीले कायले पसंत पडलो असतो," वामनराव हसले.

पडद्यावर मुलाखत घेणारी मुलगी विचारत होती, "मुंबईचं बोलावणं आलं होतं, मग बँड थांबला कशामुळे?"

"म्या गिटार इकली. शौक फिटला होता," पडद्यावरचे वामनराव म्हणाले.

जनकाबाईंचा हात चौकटीवरून निसटला. गिटार विकल्याच्या याच आळापायी जिवाभावाच्या मित्रांनी वामनरावांशी बोलणं टाकलं होतं, आणि आज जगासमोर तो त्यांनी स्वतःच कपाळी लावून घेतला... मुंबई आपला माणूस गिळून टाकील या भीतीनं, कडेवर तान्हा भागवत घेऊन, दारावर आलेल्या भांडेवालीच्या हाती गिटार कुणी दिली होती? आणि ते घरी परतल्यावर "चोरीले गेली" असं डोळ्यांत डोळे घालून कुणी सांगितलं होतं?

त्या न्हाणीत गेल्या. पोचे पडलेलं ॲल्युमिनियमचं, त्यांच्या भाषेत जर्मनचं, घंगाळ त्यांनी आणून नवऱ्यासमोर ठेवलं. सकाळीच पणतूला त्यात न्हाऊ घातलं होतं.

"खोटं हाये ते. इकली नाई तुमी. म्या देली... याच्या बदल्यात. तुमी मुंबईहून वापस येनार नाई असं वाटलं मले."

भागवतनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"ठाऊक हाये मले," वामनराव शांतपणे म्हणाले. "शेजारनीनं सांगतलं होतं. शोधत शोधत धाड गावच्या बाजारात गेलो, त भांडेवालीच्या टोपल्याशी गिटार टेकवून ठेवेल होती. म्हने, घंगाळ आना, आन् घेऊन जा."

"मंग... काऊन नाई नेलं?"

"न्यालेच आलो होतो. तू याले आंघोळ घालून राह्यली होती." त्यांनी भागवतकडे बोट केलं. "पान्यावर थापा मारून हासून राह्यला होता थो. मले त्याले बाहीर काढता नाई आलं."

जनकाबाई घंगाळाजवळ खाली बसल्या.

"इतके वर्स बोलले काऊन नाई मंग?"

"बोललो असतो, त तू त्याच्यात पोराईले आंघोळ घातली असती काय?"

त्यांनी घंगाळ पालथं केलं. वाकड्या झालेल्या बोटांनी त्यावर हळूहळू जुना ठेका धरला. गिटारीची जागा मात्र रिकामीच राहिली... आणि जन्मभर "मले नाई समजत तुमचं ते वाजवनं" म्हणत आलेल्या जनकाबाईंच्या गळ्यातून, बिनशब्दांची ती अख्खी धून, एकही वळण न चुकता, बाहेर पडू लागली.