नदी भरलेली दिसते तेव्हा

नदी वामींनी भरली होती, पण एकीच्याही पोटात पिकलेली अंडी नव्हती. पाण्यात शिरून मासे मोजणाऱ्या डुबकी या यंत्रमानवाने हे पुन्हा तपासलं, तरी शर्वाणीने तिकडे काणाडोळा केला. अकरावीतली ही मुलगी उद्या गावसभेत सांगणार होती, की वामी मुबलक आहेत, पकड दुप्पट करा. सभा तिच्या मोजणीवरच निर्णय घेणार होती, त्यामुळे स्वारी जरा हवेतच होती.

तिची शाळा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात. मिगमॉ (इथले मूळ रहिवासी) लोकांचा इतिहास शिकवणारे नोएल आजोबा, स्वतःही मिगमॉच, त्या दिवशी वर्गाला नदीवर घेऊन आले होते.

“डुबकी, या वामी जन्मतात कुठे?” त्यांनी विचारलं.

“दूरच्या सारगॅसो समुद्रात. पिल्लं प्रवाहाबरोबर इथे येतात आणि नदीत वर्षानुवर्षं वाढतात. मग एकदाच समुद्रात परततात, अंडी घालतात आणि मरतात.”

शर्वाणीचा चेहरा उतरला. “म्हणजे इथे पकडलेली प्रत्येक वाम अंडी घालण्याआधीच गेली. आज दिसतात त्या कितीतरी वर्षांपूर्वी जन्मलेल्या. नदी भरलेली दिसेल आणि मागून येणारी पिल्लं मात्र कमी होत जातील.”

“म्हणून आमच्यात नेतुकुलिम्क (गरजेपुरतं घ्यायचं, पुढच्यांसाठी राखायचं) पाळतात,” आजोबा म्हणाले. मग ते वर्गाकडे वळले.

“माणसांचंही असंच होतं. आई पाच वर्षांची असताना तिला निवासी शाळेत नेलं. आमच्या मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवायचा सरकारचा कायदाच होता. तिथे आमची भाषा बोललं की मार. पुढे तिने आम्हा भावंडांना एक शब्दही शिकवला नाही, आम्हालाही मार बसेल म्हणून. गावात तेव्हा ती भाषा बोलणारी म्हातारी माणसं भरपूर होती. भाषा आटतेय असं कुणाला वाटलंच नाही.”

शर्वाणीला फार वाईट वाटलं. “उद्या मी पकड वाढवू नका असं सांगते,” ती म्हणाली. “पण आजोबा, मग तुम्ही भाषा शिकलात कुणाकडून?”

“पन्नाशीत, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडून. आईच्या अखेरच्या आजारपणात मी तिचा हात धरून म्हटलं, ‘वेलालिन’. म्हणजे तुझे आभार. तिने आधी घाबरून दाराकडे पाहिलं. कुणी येत नाही असं दिसल्यावर ती आमच्या भाषेत बोलू लागली, ती संध्याकाळपर्यंत थांबलीच नाही.”

वर्गाने तो शब्द म्हणून पाहिला. आजोबांनी डोळे पुसले, उच्चार नीट करून घेतला आणि मोठ्याने म्हणायला सांगितलं.