किटलीवाला मागेच आहे

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी काही हात जोडायला येणार नाही.

भुताखेतांचं सगळं रात्रीच घडतं असं तुम्हाला वाटत असेल. हे घडलं भर सकाळी, लख्ख उन्हात, लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात. पाऊस नुकताच सरला होता. नदी उतरली होती, गवत मात्र अजून छातीएवढं उभं होतं. मी तिथल्या कॅम्पचा आचारी. यातलं काही मी माझ्या कानांनी ऐकलंय, बाकीचं तियेसेने आणि म्वालेने सांगितलंय. आणि ती दोघं थापा मारणाऱ्यातली नाहीत.

तियेसे म्हणजे योबेची पोरगी.

आणि योबे म्हणजे... किटलीवाला.

आमच्याकडे पाहुण्यांना जंगलात पायी नेतात. सगळे एका रांगेत. पुढे बंदूकवाला, त्याच्या मागे वाटाड्या, मग पाहुणे आणि सगळ्यात शेवटी चहाची किटली घेतलेला माणूस. उंच गवतात वाटाड्याला मागचं काही दिसत नाही. म्हणून तो अधूनमधून एखाद्या खोडावर काठीने टकटक करतो. मागून किटलीवर पेल्याचा एक ठोका येतो.

टिण्ण.

म्हणजे सगळे आहेत, चला. लागोपाठ ठोके आले तर आहे तिथे थांबायचं.

आणि एक नियम आहे. मागच्या जागेवर माणूस नसेल तर टकटक करायची नाही. का, ते कोणी विचारत नाही. मोडतही नाही.

योबे नाहीसा झाला तेव्हा तियेसे लहान होती. चिंचेच्या राईजवळ रानरेडा रांगेत घुसला आणि एका पाहुण्याचा पाय मोडला. तेव्हाचा वाटाड्या परत आला तो एकच सांगत, "मी टकटक केली. उत्तर नाही आलं. योबे आधीच पळाला होता." योबे सापडला नाही. त्याची किटलीही सापडली नाही. झालं, सगळ्या गावाने तेच धरलं. मागची जागा सोडून पळणं म्हणजे आमच्याकडे तोंड दाखवायला जागा उरत नाही. पंपावर पाणी भरायला गेलं की बायका योबेच्या बायकोला ऐकवायच्या, "शेपूट घालून गेलेल्याची बायको आली, सरका गं."

हे ऐकत ऐकत तियेसे वाढली. आणि हट्टाने वाटाडी झाली.

परीक्षा पास झाल्यावर कॅम्प चालवणाऱ्या चिसेंगा साहेबाने तिला पहिलं काम दिलं ते नवी पायवाट आखायचं. पाहुणे कुठून निघतील, ओढा कुठे ओलांडतील, वारा कुठून असेल, चहाला कुठे बसतील. तिने नकाशा मांडला आणि थेट चिंचेच्या राईवर बोट ठेवलं.

"तिथे नाही," साहेब म्हणाला. "नदीकाठाने ने. त्या वाटेचं नाव खराब आहे."

"वाटेचं नाही. माझ्या बापाचं नाव खराब केलंय तुम्ही लोकांनी."

"अगं, मी तेव्हा इथे नव्हतोसुद्धा!"

"मग तर तुम्ही बोलूच नका."

मी खिडकीतून ऐकत होतो. साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी तो म्हणाला, "आधी बघून ये. जराही गडबड वाटली तर नदीकाठ. आणि तेही जमत नसेल तर मी शहरातून दुसरा वाटाड्या आणतो."

"आणा की. त्याला चहा मी पाजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंच निघाली. पुढे म्वाले बंदूक घेऊन, मागे तियेसे. म्वाले म्हणजे पोट सुटलेला, सतत बडबडणारा गडी.

"तुझ्याशी लग्न करेल तो बिचारा रोज मागच्या जागेवर," तो म्हणाला.

"तू पुढे बघ, मामा. पोट आधी पोचतंय, बंदूक मागून येतेय."

हसत हसत त्यांनी ओढा ओलांडला. तियेसे खुणा करत होती. इथे सावली आहे. इथे पाहुणे दम खातील. इथे हत्तींची वाट आडवी जाते, जपून. काम छान चाललं होतं. डोकं कामात, हात सवयीत.

आणि तिने एका खोडावर काठी आपटली.

टकटक.

म्वाले थांबला.

"काय केलंस?"

"काही नाही. सवय, मामा."

दोघं उभी राहिली. वारा पडलेला. आतापर्यंत कबुतरं एकसारखी घुमत होती...

ती गप्प झाली.

आणि मग... मागून... गवतातून...

टिण्ण.

तियेसेने मागे वळून पाहिलं. त्यांच्याच पावलांनी दबलेलं गवत. त्यात कोणी नाही. एक पानही हलत नव्हतं.

"परत फिरू," म्वाले कुजबुजला. "दुसऱ्या वाटेने. तू रिकाम्या जागेला विचारलंस, पोरी. आता ते येणार मागे."

"येऊ दे."

"वेडी आहेस का?"

"मी बघायलाच आलेय. तुला जायचं तर जा, बंदूक मला दे."

बंदूक कोण देतो? तो शिव्या घालत पुढे निघाला. ती मागे. आणि तिच्या मागे...

पावलं वाजत नव्हती. पेला मात्र वाजत होता. किटलीच्या कडीला अडकवलेला पेला चालताना जसा हलकेच लागतो, तसा. ती थांबली की थांबायचा. ती निघाली की निघायचा. मग धुराचा वास आला. लाकडावर उकळलेल्या चहाचा. आसपास कुठे विस्तव नव्हता.

भीती वाटत होती, ती नाही म्हणत नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. ती गर्रकन वळली आणि त्या रिकाम्या गवताला ओरडली, "कोण आहेस? माझ्या बापाच्या जागेवर कोण चालतंय? नाव सांग!"

काही नाही.

"घाबरवायला आला असशील तर चुकीच्या घरात आलास! पंपावरच्या बायकांना नाही घाबरले मी, तुला घाबरू?"

काहीच नाही. नुसता चहाचा वास.

"झालं तुझं?" म्वाले दातओठ खात म्हणाला. "चल आता."

समोर चिंचेची राई दिसत होती. अलीकडे गवताचा दाट पट्टा. म्वालेने पाय उचलला...

टिण्ण टिण्ण टिण्ण टिण्ण टिण्ण!

दोघं जागच्या जागी थिजली. पाय हवेतून खाली ठेवायला म्वाले विसरला.

आणि समोरचं गवत उठलं.

म्हातारा, एकटा रानरेडा. शिंगांवर चिखल वाळलेला. आणखी चार पावलं टाकली असती तर त्याच्या अंगावरच पाय पडला असता. तो या दोघांकडे बघत नव्हता. त्यांच्या खांद्यांवरून मागे बघत होता. बराच वेळ. मग नाकातून जोरात फुसकारला, वळला आणि झाडी मोडत निघून गेला.

म्वाले मटकन खाली बसला. तियेसे तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"मामा," ती म्हणाली, "आत्ता ठोके दिले ते बाबांनीच. तेव्हाही दिले असणार."

म्वालेने मान हलवली.

"त्या वाटाड्याने ऐकले नाहीत. नाहीतर ऐकून पळाला तोच. माझा बाप जागा सोडून गेलेला नाही. अजून नाही गेला!"

कॅम्पवर परतल्यावर अंगणात सगळे जमले. साहेबाने विचारलं, "काय, नदीकाठ ना?"

"चिंचेची राई," तियेसे म्हणाली. "चहा तिथेच."

"म्वाले, तू बोल. धोका आहे?"

म्वाले, जो एरवी बोलायचा थांबत नाही, तो एकच वाक्य बोलला. "मागे योबे होता."

कोणीतरी मागून खिदळलं. तियेसे तिकडे वळली. "ज्याला अजून माझा बाप पळाला म्हणायचंय, त्याने उद्या माझ्याबरोबर यावं. सगळ्यांच्या मागे चालावं. आहे कोणी? पुढे या!"

कोणी आलं नाही. एकही नाही. साहेब कधी आत गेला ते कळलंसुद्धा नाही.

मोसम सुरू झाला. पहिले पाहुणे आले. मागच्या जागेवर फानुएल नावाचा गडी होता, बाहेरगावचा, अंगाने दणकट, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चिंचेखाली तो चहा ओतत होता, तेव्हा तियेसे त्याला म्हणाली, "छान उत्तर देतोस रे. वेळच्या वेळी."

फानुएलचा हात थांबला.

"मी कुठे दिलं, ताई? मी वाजवणार, तेवढ्यात दर वेळी माझ्या मागून वाजतंय. मला वाटलं, माझ्या मागे आणखी कोणी ठेवलाय तुम्ही."

"ठेवलाय," तियेसे म्हणाली. "तू मागे बघू नकोस. पाहुण्यांना साखर दे."

हे मला फानुएलने सांगितलं. बिचारा पांढराफटक पडला होता. तरी नोकरी सोडली नाही त्याने. म्हणतो, पाठीमागे कोणी असलं की उलट निर्धास्त वाटतं. मला नाही तसं वाटत. मी आता किटली घासायला घेतली की दार उघडं ठेवतो.

एकच सांगतो आणि उठतो. त्या मोसमात एका सकाळी तियेसेची आई कॅम्पवर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोणाशी बोलली नाही, माझ्या भटारखान्याच्या पायरीवर बसून राहिली. रांग निघाली. म्वाले गेला, तियेसे गेली, पाहुणे गेले, फानुएल गेला. थोडी वाट रिकामी गेली. मग म्हातारी उठली, गुडघे वाकवले आणि आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला करतात तसा ओंजळीने टाळ्या वाजवत नमस्कार केला.

समोर कोणी नव्हतं.

मी हातातलं पीठ तसंच धरून उभा होतो. आणि त्या रिकाम्या वाटेवरून, अगदी माझ्या दारासमोरून...

टिण्ण.