न रडवणारा वाण

मंजुषा गायधनीला कांद्यात एकच दोष दिसत होता आणि तो घालवण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. बाई हुशार होती, आणि हे तिला स्वतःला जरा जास्तच माहीत होतं.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. कांदा जमिनीतून गंधक ओढतो आणि त्याचं संयुग करून पेशीच्या एका कप्प्यात साठवतो. ते फोडणारं एन्झाइम शेजारच्याच कप्प्यात गप्प बसलेलं असतं. सुरी फिरली की मधली भिंत तुटते आणि दोघांची गाठ पडते. त्यातून जे तुकडे निघतात त्यांचा दुसरं एक एन्झाइम वायू करतं, आणि तो वायू आपल्या डोळ्यांना झोंबतो. या दुसऱ्या एन्झाइमच्या पोटात एक खोबण असते. तुकडा तिथे बसल्याशिवाय काम होत नाही. मंजुषाने ती खोबण एका जागी बदलली, जरा रुंद केली. मग कांदा चिरा, किसा नाहीतर वाटा, डोळे कोरडे ते कोरडेच.

चाचणीचं पीक येवल्याजवळ घेतलं होतं. नियम साफ होता, नमुने ठेवून बाकी सगळा कांदा जाळायचा. पण तिकडे निवडायला येणाऱ्या बायका गोल्टी, म्हणजे अगदी बारीक कांदा, पदरात बांधून घरी नेतात. ही रीत कंपनीच्या जन्माआधीपासूनची. बायकांच्या म्होरक्या कुसाबाईंनी परवानगीसाठी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि मंजुषाने मान दुसरीकडे वळवली. चवीबद्दल चार मतं फुकटात मिळतील, एवढाच तिचा विचार.

जूनमध्ये कुसाबाईंचा एकुलता एक मुलगा संतोष मनमाड रस्त्यावर ट्रॉलीखाली गेला. मंजुषा तिसऱ्या दिवशी भेटायला गेली. पडवीत वीसेक बायका बसल्या होत्या. चेहरे पिळवटलेले, गळ्यांतून हुंदके निघताहेत, आणि एकीच्याही डोळ्यात पाणी नाही. सुनेच्या माहेरच्या दोघीतिघी तेवढ्या रडत होत्या, आणि रडता रडता गावातल्या बायकांकडे टक लावून बघत होत्या.

कुसाबाईंनी तिला आत चुलीपाशी नेलं.

"मॅडम, आत लय भरलंय," त्या म्हणाल्या. "पर बाहेर येत नाय. सोयरे म्हणत्यात, ही आई हाय का कोण हाय? दहाव्याच्या आत एकदा तरी मला रडू द्या."

मंजुषाला त्या वेळी दुःखापेक्षा कुतूहल जास्त वाटलं, हे सांगायलाच हवं. तिने दुकानातून साधा कांदा मागवला आणि मुलगा जाऊन तीन दिवस झालेल्या त्या बाईला तो चिरायला बसवलं. दोन मिनिटांत मंजुषाच्या डोळ्यांना धारा लागल्या. कुसाबाई ताटावर ओणव्या होऊन, नाक कांद्याला लावून चिरत राहिल्या. मग त्यांनी सुरी खाली ठेवली आणि कोरड्या डोळ्यांनी तिच्या ओल्या गालांकडे पाहिलं. मंजुषाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या आसवांची लाज वाटली.

नाशिकला परतली तर नमुन्यांचा ट्रे ओला. त्याच शेतातले बारा कांदे, एकालाही सुरी लागलेली नाही. खोलीतली हवा कोरडी, सालं कागदासारखी वाळलेली, आणि प्रत्येकाच्या मानेपाशी थेंब जमलेला. तिने पुसले, तर ते पुन्हा आले. थेंब तपासले. त्यात मीठ निघालं, आणि माणसाच्या आसवांतच सापडावं असं एक प्रथिन निघालं. आपलाच हात लागला असेल म्हणून तिने मोजे बदलून तीनदा तपासणी केली. उत्तर बदललं नाही.

मग तिने एन्झाइमची रचना नव्याने काढून पाहिली. रुंद केलेल्या खोबणीत काहीतरी बसलेलं होतं. संगणकाला त्याचं नाव सांगता येईना.

आठव्या दिवशी कुसाबाई एसटीने आल्या. ट्रेबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या दारातच थांबल्या.

"हे माझं हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी कांद्यांवर तळहात धरला, नुसता वर, न टेकवता. ट्रेच्या कडेवरून पाणी जमिनीवर ठिबकायला लागलं.

"एक तरी द्या, मॅडम. डोळ्याला लावते."

त्याच सकाळी व्यवस्थापक रविराज यांचा फोन येऊन गेला होता. तपासणी समिती उद्या येणार होती. हा कांदा त्या बाईच्या हाती देणं किंवा तो असा पाझरताना समितीला दिसणं म्हणजे गोल्टी बाहेर गेल्याची कबुली देणं, आणि मग वाण गेला, नऊ वर्षंही गेली. मंजुषाने अगदी गोड आवाजात सांगितलं की उद्या मी स्वतः घेऊन येते. त्या माउलीने हात जोडले.

दुपारी चार वाजता मंजुषाने ट्रे वाफेच्या यंत्रात ठेवला आणि झाकण आवळलं.

दाब चढत गेला. ती शेजारी उभी राहिली. काहीतरी ऐकू येईल असं तिला वाटत होतं.

काहीच ऐकू आलं नाही.

झाकण उघडलं तेव्हा वाफेत भिजून निघायला हवे होते ते बारा कांदे खडखडीत वाळले होते. उचलले तर त्यांना वजन नव्हतं.

दहाव्यासाठी मंडळी नाशिकला गोदावरीच्या घाटावर आली. गेलं नाही तर बरं दिसणार नाही म्हणून मंजुषाही गेली. काय सांगायचं ते तिने घोकून ठेवलं होतं.

ते सांगायची वेळच आली नाही. कुसाबाई सतरंजीवर निवांत बसल्या होत्या. चेहऱ्यावर थकवा नव्हता. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर संतोषचा हार घातलेला फोटो होता आणि त्या तो निरखून बघत होत्या. मंजुषा शेजारी टेकली तशा त्या तिच्या कानाशी आल्या.

"तरणं पोर हाय वो," त्या हळहळून म्हणाल्या. "याची आई नाय आली का अजून?"

मंजुषाने फोटोकडे पाहिलं नाही.

"येतील," ती म्हणाली.

कुसाबाईंनी मान हलवली, लुगडं सावरलं आणि थोडं सरकून त्या पोराच्या आईसाठी आपल्या शेजारी जागा केली.